नऊ फुलांची जुडी

१२ फेब्रुवारी २००६

बेनिता,

पत्राची सुरुवात ‘प्रिय’ने करतात. मी करत नाही.

तुझा लखोटा काल आला. आत सहा पानं, आणि सहाव्या पानावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. तिच्यावर बाण, खाली ‘इथे सही’. अक्षर तुझं नाही. मी कुठे सही करायची हे सांगायलाही तू माणूस ठेवलायस. मी ती चिठ्ठी काढून आईच्या औषधांच्या डबीवर लावली. बाण सकाळच्या गोळीकडे आहे. कामाला आली.

सही मिळणार नाही.

तू विसरली असशील म्हणून लिहिते. बाजारचौकाची जमीन आजोबांची. चाळीस साली सरकारनं घेतली, चौऱ्याण्णव साली परत दिली, आणि आईनं ती आपल्या दोघींच्या नावावर केली. अर्धी तुझी, अर्धी माझी. मध्ये कुंपण नाही, म्हणून एकीला विकता येत नाही. त्या चौकात बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो. अकरा टेबलं आहेत. कोपऱ्यातलं, फुलांचं, माझं आहे. एकतीस वर्षं.

रस्त्याच्या पलीकडे, तागाच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर तुमचा मॉल उभा राहतोय, तो राहू दे. ती जागा माझी नाही. पण आता तुम्हाला चौकही हवा, तोही गाड्या उभ्या करायला. अडीचशे गाड्या, असं पान तीनवर आहे. मासळीवाल्या फेलिक्सला मी विचारलं, आपल्या गावात अडीचशे गाड्या आहेत का? तो धुरी दिलेल्या माशाची कातडी सोलत होता. म्हणाला, “होत्या. निम्म्या आयर्लंडला गेल्या, आतल्या माणसांसकट.”

शेजारच्या टेबलावरच्या झेल्मानं तुला निरोप दिलाय. “तिला म्हणावं, चौक घ्यायच्या आधी माझी आंबवलेली कोबी खाऊन जा. मग चौकात उभं राहायचं सुचणार नाही.”

नोव्हेंबरात तू पायाभरणीला आली होतीस. आईला ते गावच्या वर्तमानपत्रातून कळलं. फोटोत तू फावडं धरलंयस, सूपच्या चमच्यासारखं. तिथून घर सातशे पावलांवर आहे. आईनं भिंग लावून फोटो पाहिला.

“बारीक झालीय,” ती म्हणाली.

“काळा कोट आहे, म्हणून दिसतेय,” मी म्हटलं.

लोनिया


२ सप्टेंबर २००६

बेनिता,

उद्घाटन झालं. शाळेच्या पहिल्या दिवशीच ठेवलंत, हे हुशारीचं. त्या दिवशी या देशात प्रत्येक मूल हातात फुलं घेऊन शाळेत जातं. मी वर्षभर त्या एका दिवसावर जगते, हे तुला माहीत आहे. तुझा शिकायचा खर्च त्याच दिवसातून निघायचा.

सकाळी सात वाजता मी चौकातून पाहिलं. तुमच्या दारापाशी फुलांच्या बादल्या, प्रत्येक बादलीत जुड्या, देठांना निळं रबर. ग्लॅडिओला दहा. अॅस्टर दहा. डेलिया दहा.

मी दोनदा मोजलं. नंतर फेलिक्सला मोजायला सांगितलं, त्याला मोजता येतं.

हॉलंडहून तुम्हाला फुलं पाठवणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल. त्याला दोन हातांची दहा बोटं दिसतात आणि तो दहाची जुडी बांधतो. पण तू? जिवंत माणसाला विषम, मेलेल्याला सम. हे तुला आईनं मी शिकवायच्याही आधी शिकवलंय. तीन वर्षांची होतीस. तिच्या वाढदिवसाला तू पिवळ्या फुलांची चार देठं घेऊन आलीस आणि तिनं एक काढून तुझ्याच केसांत खोचलं.

काल अख्ख्या गावानं दहा-दहा फुलं घेतली, कारण तुमची स्वस्त होती आणि मोठी होती. शाळेच्या फाटकापाशी लोक मोजायला लागले. मग प्रत्येक आई एक फूल उपसायला लागली. एका आजीनं सुनेला तिथेच विचारलं, “बाईंना पहिल्याच दिवशी पुरायचंय का गं?” शिपायानं फरशी पुसायची बादली आणली, ती भरली, दुसरी आणली. फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकेकट्या फुलांचा ढीग. पोरं त्यातून चालत वर्गात गेली.

मी हसले. बराच वेळ हसले. साडेआठपर्यंत माझं टेबल रिकामं झालं, कारण ज्यांना लाज वाटली ते रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. मी प्रत्येकाला विचारलं, जसं एकतीस वर्षं विचारते तसं. सुखासाठी की दुःखासाठी? हातात शाळेचं दप्तर असलेल्या बापालाही विचारलं. तो म्हणाला, “दिसतंय की.” मी म्हटलं, “तरी विचारायचं असतं.” मग तो म्हणाला, सुखासाठी, आणि मी सात बांधली.

तुमच्या बादलीला तोंड नाही. ती विचारणार कशी?

मोजायला एखादी बाई नेमा. तेही जमत नसेल तर जुडी नऊची करा. राजधानीत, रीगात एवढी मोठी कचेरी बांधून बसलात आणि हे खेड्यातल्या फूलवालीनं सांगायचं.

कागद परत पाठवतेय. सही केलेली नाही.

लोनिया


१० डिसेंबर २००६

बेनिता,

आईबद्दल विचारतेस. विचारायचं कारण नाही, ती तुझ्याकडेच असते.

सकाळी दहाला कोट घालून जाते, चारला येते. फुलांच्या समोरचा बाक तिचा. वरून गरम हवा येते त्याच्या खालचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, “हे माझ्या धाकटीनं बांधलं.” रखवालदार तिला बसायला उशी देतो. मी गेल्या आठवड्यात तिला आणायला गेले. त्याआधी मी आत पाऊल टाकलं नव्हतं.

“आई, घरी चल.”

“घरी काय आहे?”

“घर आहे.”

“इथल्या बाथरूममध्ये नळाला गरम पाणी येतं,” ती म्हणाली. “हात लावून बघ तरी.”

मी लावला नाही.

तू लिहितेस, आईनं फोनवर सांगितलं की ती घरात दोन स्वेटर घालून बसते. म्हातारी माणसं बसतात. लाकडासाठी काही पाठवू नकोस. लाकूड आहे. काचघरात ट्युलिपचे कंद लावलेत, दोन्ही शेगड्या दिवसरात्र पेटलेल्या असतात. आठ मार्चला बाराशे फुलं निघतील. त्या दिवशी या गावात एकही बाई रिकाम्या हातानं घरी जात नाही, आणि तुमची दहाची जुडी कुणी घेणार नाही. तेव्हा बघू.

बाजारात आता सहा टेबलं उरली. बसवाल्यानं थांब्याचं नाव बदललं, तो आता ‘बाजार’ म्हणून ओरडत नाही, तुमचं नाव ओरडतो. रेझेक्नेतही तसंच झालं म्हणे, आणि मादोनात तर तुमचे दोन झाले, समोरासमोर, आता एकमेकांचं गिऱ्हाईक खातात.

झेल्मा गेली. सोमवारपासून तुमच्या गल्ल्यावर बसते. हिरवा अंगरखा, छातीवर नावाची पट्टी. वीस वर्षं माझ्या डाव्या हाताला उभी होती, नावाची पट्टी कधी लागली नव्हती.

“चिडू नकोस गं,” ती म्हणाली. “पाय गरम राहतात तिथे.”

“मी चिडले नाही,” मी म्हटलं. “मला वाटलं तुझी कोबी संपली.”

“कोबी तिथेही आहे. बरणीत येते. पोलंडची.”

“कशी लागते?”

तिनं छातीवरची पट्टी सरळ केली. “विकली जाते,” म्हणाली.

लोनिया


९ मार्च २००७

बेनिता,

वाचतेस तर माझी पत्रं.

काल तुमच्या दारात ट्युलिप होते. पाचाच्या जुड्या, साताच्या, नऊच्या. रबरावर आकडा छापलेला. बादलीवर पाटी: ‘प्रिय स्त्रियांना’. देशभर तसंच केलंत, असं वर्तमानपत्रात आहे. ‘आमच्या परंपरांचा मान राखून’, असं तुमचा माणूस म्हणाला. माझं नाव घेतलं नाही, ते बरं केलं.

मीच शिकवलं. मी हसत हसत तुला पत्र लिहिलं, आणि तू ते हसत हसत वाचलं नसशील. तू ते तुमच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, साहेबांकडे घेऊन गेली असशील.

आता कुणाला मोजावं लागत नाही. लोक आकडा वाचतात आणि घेऊन जातात. फाटकापाशी ढीग नाही. माझ्याकडे लाजून कुणी येत नाही. बाराशेपैकी किती गेली ते लिहिणार नाही. उरलेली मी शनिवारी चर्चला देणार होते. पाद्री म्हणाले, तुमच्या दुकानानं आधीच पाठवलीत.

आई संध्याकाळी पाच ट्युलिप घेऊन आली. तुमच्या रखवालदारानं दिले. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या बरणीत, माझ्या ट्युलिपांशेजारी ठेवले. तुमचे उंच आहेत. दोन्हींकडे बघून ती म्हणाली, “बहिणी-बहिणी वाटतात.”

मी तुमचे बाहेर पायरीवर नेऊन ठेवले. सकाळी गोठले होते.

तुझा तिसरा लखोटा न फोडता परत पाठवतेय. आत पिवळी चिठ्ठी असेल तर तेवढी मात्र पाठव, आईच्या डबीवरची निघालीय.

लोनिया


१४ ऑक्टोबर २००७

बेनिता,

तुझ्या कचेरीत दुकानातल्यांनी कळवलं असेल. तरी मी कळवते.

आई शुक्रवारी गेली. तुझ्या दुकानात, बाकावर. दुपारी बारापर्यंत रखवालदाराला वाटलं, डुलकी लागलीय. झेल्मानं गल्ल्यावरून उठून पाहिलं.

पुरायचं शनिवारी, अकरा वाजता. गाडी चौकात लाव. जागा भरपूर आहे.

लोनिया


१९ नोव्हेंबर २००७

बेनिता,

तुझं कार्ड मिळालं. त्यात तू कागदांबद्दल एक शब्द लिहिला नाहीस, हे मी पाहिलं. मी लिहीन.

स्मशानाच्या फाटकावर मी तुला म्हटलं की हिवानं माझे अॅस्टर काळे पडले, म्हणून फुलं तुमच्याकडून घ्यावी लागली. ते खोटं होतं. अॅस्टर नव्हतेच. काचघरात मार्चनंतर मी शेगडी पेटवली नाही, मेनंतर बी टाकलं नाही. उन्हाळ्यापासून दर शुक्रवारी, आई चारला घरी आली की, मी तुमच्या दुकानात जायचे, नऊच्या जुड्या घ्यायचे, घरी येऊन निळं रबर काढायचे, सुतळी बांधायचे आणि शनिवारी चौकात विकायचे. आमच्या पोस्टमास्तरीणबाई ऑगस्टमध्ये म्हणाल्या, “काही म्हण लोनिया, मातीत वाढलेलं फूल लगेच ओळखू येतं.” मी म्हटलं, हो.

झेल्माला ठाऊक होतं. तिच्याच गल्ल्यावरून जायचे मी. ती कधी बोलली नाही.

त्या शनिवारी सकाळीही मी तिथेच गेले. पांढऱ्या शेवंतीची जुडी उचलली. झेल्मानं माझा हात धरला.

“हेर्मीनेमावशी शेवटपर्यंत हसत होती गं,” ती आईबद्दल म्हणाली. “सकाळीच मला म्हणाली, झेल्मा, अंगरखा तुला शोभतो.”

मी मान हलवली. मागे रांग होती. तिनं जुडी त्या लाल उजेडावरून फिरवली, यंत्र वाजलं.

“पिशवी हवी?” तिनं विचारलं.

“नको,” मी म्हटलं.

वीस वर्षं ती माझ्या डाव्या हाताला उभी होती. दिवसातून शंभरदा मी तो प्रश्न विचारताना तिनं ऐकलंय. गर्दी असली तर माझ्याऐवजी तीच विचारायची. मी तिला दोष देत नाही. तिथे तो प्रश्न नाही, पिशवीचा आहे. आणि मी जन्मभर इतरांची फुलं मोजली, त्या दिवशी माझी मोजली नाहीत. रबरावर आकडा होता. मी ते रबर निघता निघता काढून टाकलं, सवयीनं. घरी सुतळी बांधली, तीही सवयीनं.

फाटकापाशी तू ढीग पाहिलास. अख्खं गाव तुमच्याच जुड्या घेऊन आलं होतं. पाच, सात, नऊ. आत येण्याआधी प्रत्येकानं एक उपसलं. फेलिक्स तिथे उभा होता, मासळीचं टोपलं रिकामं करून आणलेलं, लोक त्यात टाकत होते. माझ्याकडे बघून म्हणाला, “त्या वर्षी शाळेला, या वर्षी इथे. तुझी बहीण झाडूवाल्याला काम देते.” मी हसले नाही. पण तो ढीग माझा होता. नऊ करा, असं मीच लिहिलं होतं.

मग मी माझी ठेवली, आईच्या पायांशी. तू माझ्या मागून वाकलीस. तुझे ओठ हलताना मला दिसले. मोजताना आईचे ओठ हलायचे तसेच. तू हात घातलास, सुतळीतून एक शेवंती ओढलीस आणि काळ्या कोटाच्या खिशात ठेवलीस. पाद्री बघत होते. पोस्टमास्तरीण बघत होती. ती सुतळी तिच्या ओळखीची आहे.

तू हळूच म्हणालीस, “लोनिया, तुला कुणी विचारलं नाही?”

बेनिता, मी तीस दिवस तो आवाज ऐकतेय. त्यात टोमणा शोधतेय. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला उत्तर द्यायची मला सवय आहे.

मी तुला म्हटलं, “गाडी चौकातून काढ, बाजार भरायचाय.” त्या शनिवारी बाजार नव्हता, बाजारातले सगळे स्मशानात होते. ते तुलाही दिसत होतं. तरी तू काढलीस.

आता एक गोष्ट लिहिते. ही एकदाच लिहीन, आणि यावर उत्तर पाठवू नकोस.

मागच्या हिवाळ्यात लाकूड एकाच जागेपुरतं होतं. घरात पेटवायचं की काचघरात, हे मला ठरवायचं होतं. मी काचघर निवडलं. बाराशे ट्युलिपांना ऊब दिली आणि आईला दोन स्वेटर. एके सकाळी ती कोट घालून उठली आणि तुझ्याकडे चालायला लागली. मी गावाला सांगितलं की म्हातारीला झगमगाट आवडतो. तुलाही तसंच वाटू दिलं. ती झगमगाटाला गेली नव्हती.

नळाला खरंच गरम पाणी येतं. तिला आणायला गेले होते त्या दिवशी, ती कोट घालत असताना, मी हात लावला होता.

यावरून सही मिळेल असं समजू नकोस. कागद सोबत आहेत, कोरे. तुझ्या दुकानानं माझ्या आईला ऊब दिली म्हणून आजोबांची जमीन गाड्यांखाली घालायची, असा हिशोब तुमच्या दुसऱ्या मजल्यावर मांडत असतील, माझ्याकडे मांडत नाहीत. तुम्ही तिला ऊब दिली कारण छतातून ती सगळ्यांना येते. ती मेली तेव्हा बारापर्यंत तुम्हाला कळलंही नाही. दोन्ही खरं आहे. मी घरी होते, मलाही कळलं नाही. तेही खरं आहे.

चौकात आता मी आणि फेलिक्स. शुक्रवारी तुमच्याकडे जाणं बंद केलं. काचघराची निम्मी काच विकली, निम्म्यात पुन्हा बी टाकलंय. लहान शेगडी पुरते. दुसरी घरात आणली. संध्याकाळी तिच्यापाशी बसते. उशीर झाला, ते मला माहीत आहे.

काल देशाचा स्वातंत्र्यदिन, झेंड्यांचा दिवस होता, तुमचंही दार बंद. एक बाई आली, आदल्या दिवशी तुमच्याकडून घेतलेल्या सात कार्नेशनची जुडी घेऊन. नवऱ्याच्या कबरीवर निघाली होती.

“लोनिया, यातलं एक काढून घे,” ती म्हणाली. “माझा हातच होत नाही.”

“सुखासाठी की दुःखासाठी?” मी विचारलं.

“अगं, बघतेस ना कुठे चाललेय.”

“तरी विचारायचं असतं.”

ती तिथेच उभी राहिली. फेलिक्सनं सुरी खाली ठेवली.

“दुःखासाठी,” ती म्हणाली.

मी एक काढलं. ते तिनं मलाच दिलं. ते टेबलावर आहे, तुमचं फूल, माझ्या बरणीत. या वेळी पायरीवर नेलं नाही.

खिशातल्या शेवंतीचं काय केलंस, ते मी विचारत नाही.

जुलैत कबरींचा दिवस येईल. सगळं गाव येतं, तूही येशील, कबरीवरच्या वाळूवरून दाताळं फिरवशील आणि फुलं ठेवशील. ती तुमच्या दुकानातून आणू नकोस. गाडी तुमच्या दुकानापाशीच लाव आणि रस्ता ओलांडून चौकात ये. मी कोपऱ्यात असेन. तुलाही विचारीन, आणि तू सांगितल्याशिवाय बांधणार नाही.

लोनिया